गिधाडकड्याची तानाई

फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. किती वर्षांपूर्वीची, ते कोणी लिहून ठेवलेलं नाही. घाट उतरायला तेव्हा एकच पायवाट होती आणि पावसाळ्यात तीही बंद व्हायची, एवढं मात्र सगळे सांगतात.

सह्याद्रीच्या एका उंच सड्यावर, कातळाच्या सपाट माथ्यावर, सातवीणवाडी नावाची धनगरांची वस्ती होती. बारा-चौदा घरं. कुडाच्या भिंती, गवताची छपरं, एका अंगाला माणसं आणि दुसऱ्या अंगाला म्हशी. वाडीच्या पश्चिमेला सडा एकदम तुटायचा आणि खाली उभा कडा. त्या कड्याच्या कपारींत गिधाडं राहायची, म्हणून त्याला गिधाडकडा म्हणत. सकाळी उन्हं तापली की ती सगळी एकदम उठायची, आणि अंगणात वाळत घातलेल्या नाचणीवर सावली धरायची. इतकी होती ती, असं म्हणतात.

वाडीत म्हैस मेली की चार माणसं तिला दोरानं ओढत सड्याच्या टोकाशी नेऊन टाकत. त्या जागेला ढोरटाकी म्हणत. सकाळी टाकलेल्या म्हशीचा दुपारी नुसता सांगाडा उरायचा. ना वास, ना रोगराई. तरीही गिधाडाबद्दल चांगला शब्द कोणी काढत नसे. ते छपरावर बसलं तर घरात गोमूत्र शिंपडत. लेकरांना त्याच्याकडे बोट दाखवू देत नसत.

या वाडीत तानू नावाची बाई होती. म्हाकू झोऱ्याची बायको. लग्नाला सहा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, सात म्हशी होत्या. म्हाकू उंच, अबोल, पायानं चपळ. दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नसे. तो म्हशी घेऊन रानात गेला की ती ताक करता करता त्याच्या हाकेकडे कान लावून असायची. संध्याकाळी सड्याच्या टोकावरून तो एक लांब हाक द्यायचा, आणि ती चुलीत लाकूड सारायची.

एका वर्षी माघ महिन्यात म्हाकूचं एक रेडकू रानात मागं राहिलं. ते शोधायला तो सकाळीच निघाला. संध्याकाळी त्याची हाक आली नाही. चुलीतलं लाकूड तसंच विझलं.

दुसऱ्या दिवशी वाडीतले सगळे बाप्ये शोधायला बाहेर पडले. पुढं येसबा होता. येसबा हा वाडीचा म्होरक्या. कड्यावरच्या मधाच्या वाटा त्याच्याइतक्या कोणाला ठाऊक नव्हत्या, आणि तो बोलला की वाडी ऐकायची. तानूही त्यांच्यामागून निघाली. बायांनी तिला अडवलं, पण ती थांबली नाही. सगळा दिवस रान तुडवून झालं. काही सापडलं नाही.

तिसऱ्या दिवशी सूर्य वर आल्यावर खालच्या घळीवर गिधाडं फिरताना दिसली. आधी दोन, मग पाच, मग मोजता येईनात. मग ती एकेक करून घळीत उतरली. सगळे थबकले. येसबानं हात वर केला. त्याचं बोलणं तानूनं शब्दन् शब्द ऐकलं आणि जन्मभर ते तिच्या कानांतून गेलं नाही.

"गिधाडं बसली," येसबा म्हणाला. "आता घाई करून काय व्हायचं नाय. उन्ह उतरू दे. मग दोर घिऊन जाऊ."

कोणी उलट बोललं नाही. माणसं दमली होती, दोन दिवस कोणाच्या पोटात धड अन्न नव्हतं. ती एका हिरड्याखाली बसली. भाकरीची फडकी सोडली, पोखरलेल्या भोपळ्याची पाण्याची दुधी फिरवली. कोणीतरी ती तानूच्या हातात दिली. तिचा घसा रडून कोरडा पडला होता. तीही पाणी प्यायली.

उन्ह उतरल्यावर ते घळीत पोचले. म्हाकू एका सपाट दगडावर पडला होता. एक पाय मोडून अंगाखाली गेला होता. भोवती पन्नास-साठ गिधाडं माना आखडून बसली होती, माणसं आलेली पाहून ती जड जड पावलं टाकत उठली. म्हाकूच्या अंगावर एक चोच लागलेली नव्हती. सगळ्यांना नवल वाटलं. कोणी म्हणालं, देवानं राखला. कोणी म्हणालं, चांगल्या माणसाला गिधाडसुद्धा शिवत नाही. तानूनं त्याचे पाय धरले. पाय अजून गार झाले नव्हते. दगड उन्हानं तापलाय, म्हणून असतील, असं तिला वाटलं.

दिवसकार्य झालं. बारा दिवस होऊन गेले. तेराव्या दिवशी सकाळी तानू उठली, म्हशींची धार काढली, आणि ढोरटाकीवर जाऊन बसली.

वाडीला वाटलं, गिधाडांवर दगड मारायला गेली असेल. पण तिनं एकही दगड उचलला नाही. ती एका कातळाला टेकून बसली आणि बघत राहिली. दुसऱ्या दिवशीही गेली. मग रोज जाऊ लागली. म्हशी सड्यावर चरायच्या आणि ती तिथं बसायची. येसबाची बायको दोनदा तिला समजवायला आली. बाईमाणसानं असल्या जागी बसू नये, अंगाला काही लागेल, असं तिनं मायेनं सांगितलं. तानूनं तिला बसायला जागा करून दिली, पण स्वतः उठली नाही.

ती काय बघायची? ती मढ्यावर येणारी पाखरं बघायची. हळूहळू तिला कळत गेलं की आकाशातही रीत असते. सगळ्यात आधी कावळा येतो, मग घार. त्यांची गडबड वरून गिधाडं बघतात. एक गिधाड खाली वळलं की कोसभर दूरचं दुसरं त्याला बघतं, त्याला तिसरं, आणि अशी बातमी डोंगराडोंगरांवरून जाते. काही बसतात झाडावर, काही जमिनीवर, पण लगेच कोणी चोच लावत नाही. घटका घटका थांबतात. मग एखादं धीट पुढं होतं, पहिला लचका तोडतं, आणि त्या क्षणी वर घिरट्या घालणारी सगळी पंख मिटून दगडासारखी खाली येतात. त्यांच्या पंखांचा आवाज वावटळीसारखा येतो. भांडण, फुत्कार, धुरळा. थोड्या वेळात सगळं संपतं. लाल डोक्याचं राजगिधाड आलं की बाकीची जरा सरकून त्याला वाट देतात. शेवटी छोटं पांढरं गिधाड येतं आणि हाडाच्या खाचेतलं टिपतं. पोट भरलं की सगळी ओढ्यावर जातात, अंग धुतात, आणि कातळावर पंख पसरून उन्हात बसतात. आंघोळ करून बसलेल्या माणसांसारखी.

आता ऐका पुढं काय झालं ते. दोनच महिन्यांनी, चैत्रात, वाडीतली एक म्हातारी म्हैस ढोरटाकीजवळ चरता चरता बसली. तिला उठता येईना. मालकानं दोन दिवस चारापाणी केलं आणि मग आशा सोडून तो घरी गेला. तानू तिच्याजवळ बसली होती. गिधाडं आली. उतरली. म्हशीभोवती गोल करून, माना आखडून बसली. तानूला वाटलं, आता तोडतील. नाही तोडलं. दिवसभर बसून राहिली. वरची वर फिरत राहिली, एकही पंख मिटून खाली आलं नाही. म्हशीचा कान मधूनच हलायचा आणि पुढचं गिधाड दोन पावलं मागं सरायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हशीचा कान हलायचा थांबला. तेव्हा पहिली चोच लागली, आणि आभाळ कोसळल्यासारखी बाकीची आली.

तानू उठून उभी राहिली.

घळीतली ती पन्नास-साठ गिधाडं तिच्या डोळ्यांपुढं आली. माना आखडून बसलेली. न शिवलेलं अंग. गार न झालेले पाय.

म्हणजे म्हाकू जिवंत होता. गिधाडं बसली तेव्हा जिवंत होता, हिरड्याखाली भाकरीची फडकी सोडली तेव्हाही जिवंत होता. गिधाडं थांबली होती, कारण त्याचा श्वास चालू होता. माणसं थांबली होती, कारण त्यांना वाटलं श्वास संपला.

त्या दिवशी ती सड्यावर एकटी किती रडली ते कोणी पाहिलं नाही. असं म्हणतात की कड्यावरच्या गिधाडांनी त्या दिवशी पुन्हा उड्डाण केलं नाही.

तिनं हे कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्या अठरा-वीस बाप्यांना पुन्हा कधी सुखाचा घास गेला नसता. आणि आणखी एक गोष्ट होती, जी तिला जास्त जाळायची. पाणी तीही प्यायली होती. येसबाचा हात वर गेला तेव्हा तीही थांबली होती. पण मनात तिनं येसबाला क्षमा केली नाही. त्याच्या दारावरून जायचं तिनं सोडलं. तो समोर आला की ती वाट बदलायची. येसबाला वाटायचं, नवरा गेल्यापासून बाई अशी झाली आहे.

वर्षं गेली. तानूची तानाई झाली.

आता वाडीला आणि आसपासच्या गावांना तिची गरज पडू लागली. कोणाची म्हैस हरवली की माणूस तिच्याकडे यायचा. ती आकाशाकडे बघायची आणि सांगायची, अमक्या ओढ्यापलीकडं जा, म्हैस मेलीय. किंवा सांगायची, पळत जा, अजून जगेल. तिचं सांगणं चुकत नसे. असं म्हणतात की तीन दिवसांच्या वाटेवरचं मढं तिला इथं बसून कळायचं. ती ढोरटाकीवर बसलेली असली की गिधाडं तिच्या पदराला पंख घासून जायची आणि राजगिधाड तिच्या हाताच्या अंतरावर बसायचं, असंही म्हणतात.

त्या काळात एका उन्हाळ्यात वाघ माजला. त्यानं पाच म्हशी मारल्या. घाटाखालून आलेल्या कोणा शिकाऱ्यानं वाघाच्या अर्धवट खाल्लेल्या म्हशीत विष भरून ठेवलं. रात्री वाघ आला नाही, आणि सकाळी गिधाडं फिरायला लागली. तानाईला कळलं तशी ती धावली. हातात काठी घेऊन त्या मढ्यापाशी उभी राहिली आणि आलेलं प्रत्येक गिधाड हाकलत राहिली. माणसांना तिनं लाकडं आणायला सांगितलं. उन्हाळ्याचं रान, वणवा लागेल म्हणून माणसं जाळायला तयार होईनात. त्यापेक्षा खड्डा खणू, असं माणसं म्हणाली. सड्यावर सगळा कातळ, हातभर खणायला दिवस जायचा. तो खड्डा पुरा व्हायला तीन दिवस लागले. तीन दिवस तानाई उन्हात उभी होती, बसली नाही, आणि काठी खाली केली नाही. गिधाडं तिच्या डोक्यावर फिरत राहिली. तिसऱ्या दिवशी मढं मातीआड झालं तेव्हा तिला धरून घरी न्यावं लागलं. तिचे ओठ फुटले होते, डोळ्यांपुढं अंधारी आली होती.

त्या वर्षी पावसाआधी वाडीत गुरांचा रोग आला आणि एका आठवड्यात तीस जनावरं मेली. गिधाडांनी तीसच्या तीस साफ केली. घाटाखालच्या गावांत रोग महिनाभर राहिला, तिथल्या ओढ्याचं पाणी नासलं, माणसं मेली. सातवीणवाडीत माणूस दगावलं नाही. तेव्हापासून वाडीतल्या बाया छपरावर बसलेल्या गिधाडाला हाकलेनात.

आणि मग अठराव्या वर्षी ते घडलं.

येसबा आता म्हातारा झाला होता. पण मधाची हौस सुटत नव्हती. चैत्रात एका सकाळी तो कड्यावरची पोळी बघून येतो म्हणून एकटाच गेला आणि परतला नाही. त्याच्या दोघा लेकांनी, कोंडीबा आणि बमू यांनी, दुसरा सगळा दिवस रान धुंडाळलं. तिसऱ्या दिवशी सूर्य वर आल्यावर गिधाडकड्याच्या मधल्या टप्प्यावर गिधाडं उतरताना दिसली. कोंडीबानं डोक्याचं मुंडासं काढलं. लेक लाकडं गोळा करायला माघारी वळले. येसबाच्या बायकोच्या हातातल्या बांगड्या बायांनी उतरवल्या.

तानाई तिच्या कातळाला टेकून बसली होती. तिला तो टप्पा तिथून दिसत होता.

गिधाडं गोल करून बसली होती. माना आखडलेल्या. धुरळा नाही, फुत्कार नाही. वर शंभर-दीडशे फिरत होती आणि एकही पंख मिटत नव्हतं.

सगळ्या सड्यावर तिला एकटीलाच कळलं होतं की येसबा जिवंत आहे.

ती हलली नाही. खरं तेच सांगायचं तर ती हलली नाही. कातळाची सावली तिच्या पायावर होती, ती सरकत सरकत पायाच्या पुढं गेली, तोवर ती बसून होती. म्हाकूचा मोडलेला पाय तिच्या डोळ्यांपुढं होता. येसबाचा वर गेलेला हात तिच्या डोळ्यांपुढं होता. तिला काही करायचं नव्हतं. नुसतं बसून राहायचं होतं. पुढचं सगळं आपोआप झालं असतं आणि कोणाला कधी कळलं नसतं.

तेवढ्यात, असं म्हणतात, एक राजगिधाड तिच्यासमोर येऊन उतरलं. ढोरटाकीवर त्या दिवशी मढं नव्हतं. त्याला यायचं काही कारण नव्हतं. ते तिच्याकडे बघत उभं राहिलं. तानाईनंही त्याच्याकडे पाहिलं. आणि तिच्या मनात आलं की हे पाखरू मढ्यावर जगतं, तरी श्वास संपेपर्यंत वाट बघतं. आणि आपण माणूस असून श्वास संपायची वाट बघत बसलोय.

ती उठली. दुधी पाण्यानं भरली आणि कमरेला बांधली. वाडीत जाऊन तिनं कोंडीबाला सांगितलं की तुझा बाप जिवंत आहे, लाकडं टाक आणि दोर घे. कोंडीबाला वाटलं, बाईच्या डोक्याला ऊन लागलं. तो म्हणाला, आता आमच्या दुःखात आणखी भर घालू नको. ती वाद घालत बसली नाही. ती एकटीच कड्याकडे निघाली.

त्या टप्प्यावर जायची वाट येसबाशिवाय कोणाला ठाऊक नव्हती. तानाईलाही नव्हती. पण असं म्हणतात की ती कड्याच्या काठाशी आली तेव्हा एकेक गिधाड कपारीवर येऊन बसत गेलं, आणि जिथं गिधाड बसलं तिथं पाय ठेवायला जागा होती. एकीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर, अशी ती उतरली. चाळिशी उलटलेली बाई, अनवाणी. वाडीतल्या बाया वरून बघत होत्या. त्यांनी तोंडाला पदर लावले होते.

टप्प्यावर येसबा पडला होता. कमरेखाली त्याला हलता येत नव्हतं. चैत्राचं ऊन कातळावर आग ओकत होतं, पण त्याच्या तोंडावर ऊन नव्हतं. दोन गिधाडं त्याच्या उशाशी पंख पसरून बसली होती आणि त्यांच्या पंखांची सावली त्याच्या कपाळावर पडली होती. कोणी म्हणतं, ती पंख वाळवत होती. तानाई मात्र पुढं जन्मभर सांगायची की त्यांनी सावली धरली होती.

गिधाडं सरकली. तानाई खाली बसली आणि त्याचं डोकं तिनं मांडीवर घेतलं. दुधी त्याच्या ओठांना लावली. पहिला घोट गालावरून ओघळला. दुसरा आत गेला. येसबानं डोळे उघडले.

"कोण, तानू?"

"व्हय आबा."

"ही पाखरं सकाळधरनं बसल्यात," तो म्हणाला. त्याचा आवाज पाल्यासारखा कोरडा होता. "माझ्याकडं बघत बसल्यात. एकानं चोच लावली नाय."

येसबाचे डोळे तिच्या चेहऱ्यावर होते. सकाळपासून तो गिधाडांच्या मधोमध जिवंत पडला होता, आणि पडल्या पडल्या त्याला जे कळायचं ते कळलं होतं.

"म्हाकूला बी शिवली नव्हती," तो म्हणाला.

"नव्हती."

"म्हणजी तवा त्यो..."

"व्हय आबा. जित्ता होता."

येसबानं डोळे मिटले. मिटल्या पापण्यांतून पाणी आलं.

"तुला कधीधरनं ठावं?"

"त्याच्याच फुडल्या चैतापास्नं."

"मग तू आलीस कशाला?"

तानाईनं दुधी पुन्हा त्याच्या ओठांना लावली.

"पाणी पी, आबा," ती म्हणाली. "मी त्या दिशी पाणी प्याले हुते. त्यो तिकडं तान्हेला हुता. पाणी पी."

वरून बायांनी तिला त्याचं डोकं मांडीवर घेताना पाहिलं आणि वाडीकडे धावत जाऊन सांगितलं. तेव्हा कोंडीबा आणि बमू दोर घेऊन आले. येसबाला झोळीत घालून वर काढायला सूर्य मावळला. सगळा वेळ गिधाडं समोरच्या कपारीत बसून होती. येसबा वर पोचल्यावर ती उठली आणि आपापल्या जागी गेली. बायांनी येसबाच्या बायकोच्या हातात पुन्हा बांगड्या भरल्या.

येसबा पुढं सात वर्षं जगला. पाय गेले ते गेलेच. जरा बरं वाटल्यावर त्याला खाटेवर घालून वाडीच्या बिरोबाच्या देवळापुढं आणलं, तेव्हा त्यानं सगळ्या वाडीदेखत म्हाकूची गोष्ट सांगितली. काही झाकलं नाही. त्या दिवशी हात मी वर केला होता, असं तो म्हणाला. हिरड्याखाली बसलेल्यांपैकी जे हयात होते ते खाली माना घालून ऐकत होते. सांगून झाल्यावर त्यानं तानाईपुढं डोकं टेकायचा प्रयत्न केला. तिनं त्याला टेकू दिलं नाही. ती म्हणाली, थांबले मीही होते. मग येसबानं वाडीला शपथ घातली की यापुढं गिधाडं फिरताना दिसली तर कोणी बसायचं नाही आणि माणूस गेला असं तोंडातून काढायचं नाही. पाणी घ्यायचं आणि धावायचं. पोचल्यावर जे असेल ते असेल.

तानाई खूप म्हातारी झाली. किती, ते कोणाला सांगता येत नाही. डोळे अधू झाले तरी ती ढोरटाकीवर जायची; पंखांच्या आवाजावरून तिला सगळं कळायचं. एका सकाळी ती घरी नव्हती. सड्याच्या टोकावर गिधाडं फिरायला लागली होती. वाडीतलं एकही माणूस थांबलं नाही. बाप्ये, बाया, पोरंटोरं, ज्याच्या हाताला जे भांडं लागलं ते पाण्यानं भरून धावली. धावता धावता अर्धं पाणी सांडलं. गिधाडं तिच्याभोवती गोल करून बसली होती. तिचा श्वास चालू होता. कोंडीबाच्या नातीनं ओंजळीतून तिला पाणी पाजलं. तानाईनं सगळ्यांकडे पाहिलं, किती माणसं आलीत ते बघितलं, आणि हसली. मग तिचा श्वास थांबला.

तिचं पुढं काय केलं, यावर आजही दोन मतं आहेत. कोणी म्हणतं, तिला वाडीत आणून रीतीप्रमाणं अग्नी दिला. कोणी म्हणतं, मला वाडीत नेऊ नका असं तिनं आधीच सांगून ठेवलं होतं; म्हणून तिला तिथंच कातळावर ठेवून माणसं पाठमोरी झाली आणि मागं न बघता घरी आली. जे दुसरं सांगतात ते हेही सांगतात की त्या दिवशी गिधाडांनी ना भांडण केलं, ना धुरळा उडवला. देवळात बसावं तशी ती शांत होती. खरं काय ते कडा जाणे.

तिच्या कातळाला आता तानाईचा दगड म्हणतात. माघात गिधाडांची अंडी कपारीत असतात, तेव्हा त्या बाजूला कोणी ढोल वाजवत नाही, लग्नाची वरातसुद्धा पलीकडून नेतात. कड्यावरचा मध काढायचा तो पिल्लं उडाल्यावरच. आणि सड्यावरच्या सगळ्या वाड्यांत दाराशी पाण्याचं एक भरलेलं भांडं कायम ठेवलेलं असतं. एरवी त्याला हात लावत नाहीत. त्याला तानाईचं पाणी म्हणतात. रानात कोणी पडल्याची खबर आली की ते उचलायचं आणि निघायचं.

आता त्या कड्यावर गिधाडं फार राहिली नाहीत. एखादं जोडपं दिसतं, कधी तेही दिसत नाही. माणूस कुठं पडलाय हे सांगायला आकाशात कोणी उरलेलं नाही. म्हणून सातवीणवाडीची माणसं आता खुणेची वाट बघत नाहीत. रानात गेलेला माणूस दिवस मावळायच्या आत घरी आला नाही, की चार जण पाणी घेतात आणि त्याला हाका मारत निघतात.